खिशातला चाकू

माझी सगळी नोकरी कृषी खात्यात झाली. सुरुवातीची वर्षं वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात, नंतरची अकोला जिल्ह्यात पातूर-बाळापूरकडे. पेन, डायरी आणि घडीचा चाकू या वस्तू रोज खिशात असायच्या. निवृत्तीनंतर डायरी सुटली, चाकू सुटला नाही. वऱ्हाडात शेतावर जाणाऱ्या माणसाजवळ चाकू असणं यात विशेष काही नाही. खताच्या पोत्याची शिवण, ठिबकची नळी, बैलाचा कासरा, पेरू, कैरी, ऊस, दिवसभरात काही ना काही कापावं लागतंच. मला खटकतं ते वेगळं. औषधाचा डोस मिलीलिटरमध्ये मोजणारा बागायतदार चाकू मात्र जत्रेत हाती येईल तो घेतो, वर्ष वर्ष त्याला दगड दाखवत नाही, आणि त्याच बोथट, चिकट पात्यानं झाडाची साल काढतो. जखम झाडाला होते, रोग उशिरा दिसतो आणि दोष पावसाला जातो. चाकू पारखून घेणं आणि निगुतीनं राखणं हा माझ्या लेखी शेतीचाच भाग आहे. शेती नसलेल्यांनाही यातलं बरंच कामी येईल.

१. चाकू घ्यायच्या आधी आठवडाभर आपला हात काय कापतो ते पाहावं. अकोल्यातल्या दुकानदाराचा हात खोक्यावरची चिकटपट्टी, नायलॉनची दोरी आणि प्लॅस्टिकची पट्टी कापतो. संत्र्याच्या बागेतला माणूस सुतळी, १६ मिलीमीटरची ठिबकची नळी, कोवळी फूट आणि झाडाची साल कापतो. शिक्षकाला पेन्सिल आणि डब्यातलं फळ. या तिघांना एकच चाकू चालत नाही, आणि तिघांपैकी कुणालाही चित्रपटातला चाकू लागत नाही. बाजारात मात्र विक्रेता आधी तोच दाखवतो: काळं पातं, मागच्या बाजूला करवतीचे दात, मुठीवर ड्रॅगन. दात असलेलं पातं दोर चांगला कापतं, हे खरं. पण त्याला घरच्या दगडावर धार लावता येत नाही, म्हणून पहिल्या चाकूसाठी मी ते कधीच सुचवत नाही.

२. पातं सहा ते आठ सेंटीमीटर पुरतं. त्याहून लांब पातं खिशात अडचण करतं आणि चारचौघांत उघडलं की लोक दचकतात. लांबीपेक्षा जाडी महत्त्वाची, आणि नेमकी तीच कुणी पाहत नाही. पाठ दोन मिलीमीटरच्या आसपास असावी आणि तिथून धारेपर्यंत पातं हळूहळू उतरत जावं. जाड पातं कितीही पाजवलं तरी पेरू कापत नाही, फोडतं. फ्रान्सच्या सावोआ भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी जो लाकडी मुठीचा चाकू बनवला, तो आजही जवळजवळ त्याच रूपात विकला जातो. त्याच्या आठ नंबरच्या चाकूचं पातं साडेआठ सेंटीमीटर असतं, आणि त्याचं सगळं गुपित त्या पातळपणात आहे.

टोकाचाही विचार करावा. ज्यांच्याकडे जनावरं आहेत त्यांनी टोक बसकं असलेला, म्हणजे पाठ पुढे धारेकडे वळलेला चाकू घ्यावा. बैल दाव्यात गुंतून पडला की तो पाय झाडत असतो आणि आपल्याला त्याच्या मानेजवळ पातं न्यावं लागतं. टोकदार पातं अशा वेळी कुठे घुसेल याचा नेम नसतो. बसक्या टोकाचं पातं दोराखाली सरकवून बाहेरच्या बाजूला ओढलं की काम होतं.

३. पोलाद. इथे लोक फसतात, कारण चकाकी पाहून घेतात. साधारण दोन जाती ध्यानात ठेवाव्या. एक गंजणारं पोलाद, ज्यात कार्बन असतो पण क्रोमियम जवळजवळ नसतं. दुसरं स्टेनलेस, ज्यात क्रोमियम किमान साडेदहा टक्के असतं. पहिल्याला धार पटकन आणि तीक्ष्ण लागते. दुसऱ्याला लावायला थोडा वेळ जातो, पण निगराणी कमी लागते.

आमच्याकडे गावोगावचे लोहार आणि बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारे घिसाडी ट्रकच्या कमानपाट्यातून विळे, खुरपी, चाकू घडवतात. ते पहिल्या जातीचं पोलाद, आणि चांगल्या हातानं पाणी दिलेलं असेल तर उत्तम पोलाद. लोखंड कापायच्या करवतीच्या पात्यातून, ज्याला सगळे एक्सा ब्लेड म्हणतात, त्यातूनही कलमाचे चाकू होतात. अशा पात्यानं संत्रं किंवा लिंबू कापलं की रसातलं आम्ल पोलादावर काळसर-निळसर डाग पाडतं. तो डाग घाण नाही. त्याचा पातळ थर बसला की पुढचा तांबडा गंज उलट कमी धरतो. घासणीनं तो काढत बसू नये. मात्र आम्लाचा रस तसाच सुकू दिला तर धारेची कड खाल्ली जाते, म्हणून पातं लगेच पुसावं.

ज्यांना पुसायची सवय नाही, ज्यांचा चाकू घामट खिशात किंवा स्कूटरच्या डिकीत राहतो, त्यांनी सरळ स्टेनलेस घ्यावं. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये कारखाना काढला आणि १८९७ मध्ये आपल्या अनेक पात्यांच्या चाकूची नोंदणी केली. तिथून निघालेला लाल मुठीचा चाकू मऊसर स्टेनलेसचा असतो. त्याची धार लवकर उतरते, पण तितक्याच लवकर परत येते. रोजच्या वापराला मला हा गुण मोठा वाटतो. फार कडक पोलादाच्या महागड्या चाकूला धार लावायला हिऱ्याची पट्टी लागते, आणि ती अंजनगावच्या बाजारात मिळत नाही.

४. घडीच्या चाकूचं मर्म बिजागरीत असतं. दुकानात चाकू उघडून पातं डाव्या-उजव्या बाजूला हलवून पाहावं. हललं तर ठेवून द्यावा, कारण ते पुढे वाढतच जातं. बंद केल्यावर पात्याचं टोक मुठीच्या पूर्ण आत जातंय का, हेही पाहावं. खिशात हात घालताना झालेल्या जखमा मी पाहिल्या आहेत, त्या याच टोकाच्या.

पातं दोन प्रकारांनी उघडं राहतं. एकात पाठीवरच्या पट्टीचा ताण त्याला धरून ठेवतो, दुसऱ्यात खटका असतो. फळ, कागद, दोर यांना ताणाचा चाकू पुरतो. ज्याला टोकानं भोक पाडायचं किंवा जोर लावून कापायचं काम आहे त्यानं खटक्याचाच घ्यावा, नाहीतर पातं मागे मिटतं ते थेट बोटांवर. लाकडी मुठीच्या ओपिनेलवर १९५५ पासून फिरवून बसवायची कडी आहे, तीही चांगली सोय. फक्त आपल्या पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं मुठीत अडकून बसतं, हे घेणाऱ्यानं लक्षात ठेवावं. बटण दाबताच पातं झटकन बाहेर येणारे चाकू मात्र मुळीच घेऊ नयेत. शेतात त्यांचा काही उपयोग नाही, आणि पोलिसांच्या नजरेत ते शस्त्रच असतं. त्यात पोलिसांची चूकही नाही.

५. कलमाचा चाकू वेगळा ठेवावा. या एका मुद्द्यासाठी मी बाकीचं सगळं लिहायला तयार आहे.

वरुड तालुक्यात शेंदूरजना घाट हे संत्र्याच्या रोपवाटिकांचं गाव आहे. जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचा खुंट पेन्सिलीइतका झाला की त्यावर संत्र्याचा डोळा बांधतात. खुंटाच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखा छेद द्यायचा, साल दोन्ही बाजूंनी अलगद उचलायची, संत्र्याच्या काडीवरून ढालीच्या आकाराचा डोळा काढायचा, आत सरकवायचा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधायचा. सांगायला इतकंच. पण सालीखालचा जो ओला, निसरडा थर असतो, तिथेच खुंट आणि डोळा यांची गाठ पडते, आणि तो कागदासारखा पातळ असतो. बोथट पातं तो थर कापत नाही, चेंगरतं. चेंगरलेला भाग सुकतो, काळा पडतो आणि डोळा जगत नाही. तिथल्या एका जुन्या कारागिरानं मला बसवून शिकवलं होतं. ते म्हणायचे, ‘‘साहेब, घाव असा पायजे का झाडाले समजलाच नाई पायजे. झाडाले समजला, का डोया मेला.’’ त्यांचा चाकू साधाच होता. पण त्या चाकूनं ते दुसरं काहीच कापत नसत. सुतळीसुद्धा नाही. त्यासाठी दुसऱ्या खिशात वेगळा चाकू असे.

या चाकूचं पातं सरळ धारेचं आणि सहसा एकाच बाजूनं उतरतं असतं. दुसरी बाजू सपाट. त्यामुळे डोळ्याचा काप सपाट येतो आणि खुंटाला नीट चिकटतो. मुठीच्या दुसऱ्या टोकाला साल उचलायची हाडाची, पितळेची किंवा प्लॅस्टिकची चपटी जीभ असली तर उत्तम. पात्याच्या टोकानं साल उचलू नये, आतला थर ओरखडतो.

आणि डोळा जमिनीपासून वीतभर तरी वर बांधावा. संत्र्याचा मोठा शत्रू डिंक्या, म्हणजे फायटोफ्थोरा बुरशी, जमिनीत असते आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर खोडावर चढते. खुंटापेक्षा संत्र्याची साल तिला लवकर बळी पडते. डिंक्या आलाच तर उपाय पुन्हा चाकूशी येऊन थांबतो. डिंक पाझरतो तिथली रोगट साल धारदार चाकूनं खरवडून काढायची, एक टक्का पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणानं जागा धुवायची आणि बोर्डो मलम लावायचं. कडा स्वच्छ कापल्या असतील तर झाड वर्षभरात साल भरून आणायला लागतं. कडा फाटलेल्या राहिल्या तर त्यांच्यामागे पुन्हा ओल धरते.

६. एका झाडाचा रोग दुसऱ्याकडे चाकू नेतो. फळं तोडून झाल्यावर बागेत सल काढतात, तेव्हा वाळलेल्या काडीबरोबर दोन सेंटीमीटर हिरवा भागही कापून टाकायची शिफारस आहे. म्हणजे पातं सडलेल्यातून जिवंत भागात जातं, आणि मग पुढच्या झाडाला लागतं. म्हणून हत्यारं एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवायला सांगतात. हे द्रावण रोगजंतू मारतं तसंच पोलादही खातं, विशेषतः बिजागरीतल्या खिळ्याला. काम संपताच चाकू साध्या पाण्यानं धुऊन, कोरडा करून तेल द्यावं. मी स्वतः खिशात स्पिरिटची छोटी बाटली आणि कापडाचा तुकडा ठेवतो आणि दर झाडाला पातं पुसतो. ज्या मजुरांना हे एकदा कारणासकट सांगितलं, ते न सांगता करू लागले. नुसता हुकूम दिलेल्यांनी केलं नाही.

७. बोथट चाकूच हात कापतो. धारेचा चाकू हलक्या हातानं चालतो. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेला चाकू निसटला की तो थांबवता येत नाही.

८. धार घरीच लावायला शिकावं. कार्बोरंडमचा दुहेरी दगड, एक बाजू खरबरीत आणि एक बारीक, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि काळजीनं वापरला तर आयुष्यभर पुरतो. दगडावर पाणी वापरायचं की तेल हे पहिल्याच दिवशी ठरवावं. तेल प्यायलेला दगड पुन्हा पाणी घेत नाही.

कोन हा सगळ्यांचा अडसर. खिशातल्या चाकूला दर बाजूनं वीस अंशांच्या आसपास कोन ठीक. वीस अंश डोळ्यांना दिसत नाहीत, पण पातं दीड सेंटीमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून पाच मिलीमीटर उचलली की तो कोन येतो. दहा रुपयांची तीन नाणी एकावर एक ठेवली की साधारण तेवढी उंची होते. सुरुवातीला नाणी पाठीखाली ठेवून कोन पाहावा, मग नाणी काढून तोच हात धरून ठेवावा. दुसरी युक्ती मार्करची. धारेच्या कडेला शाई लावायची आणि दगडावर दोन-तीन हात मारायचे. शाई नेमकी कडेवरून गेली तर कोन बरोबर. कडेवर राहून वरच्या बाजूनं गेली तर पाठ थोडी अजून उचलायची.

एका बाजूनं घासत राहायचं, जोपर्यंत पलीकडे बारीक कड उलटत नाही. ती डोळ्याला दिसत नाही, बोटाच्या पोटानं पाठीकडून धारेकडे सरकत चाचपली की लागते. मुळापासून टोकापर्यंत सगळीकडे ती लागली म्हणजेच त्या बाजूचं काम झालं. बहुतेक लोक इथपर्यंत पोचायच्या आधीच बाजू बदलतात आणि मग म्हणतात, धार लागत नाही. दोन्ही बाजू झाल्या की बारीक दगडावर हलक्या हातानं, एकदा या बाजूनं एकदा त्या बाजूनं. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या खरबरीत बाजूवर पातं पाठीकडे ओढायचं, धारेकडे नाही. पूर्वी न्हाव्याच्या दुकानात वस्तऱ्यासाठी असा पट्टा टांगलेला असे. कलमाच्या चाकूसाठी ही पायरी गाळू नये. त्याची सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवूनच घासावी, तिला कोन देऊ नये.

दगड जवळ नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या तळाशी जो चकाकी नसलेला खरबरीत गोल असतो, त्यावरही उतरलेली धार परत येते. पाहुणा म्हणून गेलेल्या घरी मी हे अनेकदा केलं आहे. घरातल्या वहिनींनी मग पावशी, म्हणजे विळीही पुढे केली आहे.

धार तपासायला बोट लावू नये. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापावा. अडकला तर तिथे धार कमी आहे. पिकलेल्या टोमॅटोवर पातं नुसतं ठेवून ओढलं आणि साल कापली गेली, की रोजच्या कामाला पुरे.

९. सायकलवर चाक घेऊन फिरणाऱ्या सानवाल्याकडे विळा, कात्री, कुऱ्हाड द्यावी. पातळ चाकू देताना मात्र समोर उभं राहावं. त्याच्या हातात कसब असतं, शंका नाही. प्रश्न चाकाच्या वेगाचा आहे. कोरड्या चाकावर पात्याची कड क्षणात तापते. आधी गवती पिवळी होते, मग तपकिरी, मग निळी. निळा रंग दिसला म्हणजे पोलाद तीनशे अंशांच्या जवळ गेलं आणि लोहारानं दिलेलं पाणी तिथून उतरलं. तो भाग मऊ पडतो आणि पुढे कितीही धार लावा, दोन दिवसांत बसते. म्हणून दर घासणीनंतर पातं पाण्यात बुडवायला सांगावं. बहुतेक सानवाले सांगितलं की आनंदानं करतात, कारण चाकूची काळजी घेणारं गिऱ्हाईक त्यांनाही आवडतं. विजेच्या ग्राइंडरवर वेल्डिंगच्या दुकानात चाकू पाजवून आणणाऱ्यांना मी हात जोडून नको म्हणतो.

१०. तेल कोणतं, यावर आमच्या भागात बराच घोळ आहे, कारण घरात तेलं भरपूर. जवसाचं तेल बिजागरीत कधीच घालू नये. ते हवेत सुकतं आणि वार्निशासारखा थर धरतं. काही आठवड्यांत चाकू उघडताना नख तुटायची वेळ येते. सरकीचं आणि सोयाबीनचं तेल तितकं वाईट नाही, पण तेही हळूहळू चिकट होतं आणि त्यात काळ्या मातीची धूळ बसते. बिजागरीला शिलाई मशीनचं तेल एक थेंब. ज्या चाकूनं फळ कापायचं, त्याला औषधांच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन. खोबरेलही चालतं, फक्त थंडीत ते थिजतं आणि चाकू जड उघडतो.

जवसाचं तेल मुठीला मात्र उत्तम. सागवान, बाभूळ, शिसव कुठलंही लाकूड असो, ऊन दाखवलेल्या कोरड्या मुठीवर पातळ हात द्यावा, तासाभरानं पुसावा, दोन दिवसांनी पुन्हा. लाकूड पाणी कमी पितं आणि चिरत नाही. पुसलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं, आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. अकोल्याच्या मे महिन्यात, जिथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, हा धोका हलक्यात घेऊ नये. चिंधी पसरून उन्हात वाळवावी किंवा पाण्यात भिजवून टाकावी.

११. काळी माती सुकली की पिठासारखी बारीक होते आणि बिजागरीत शिरते. महिन्यातून एकदा चाकू उघडून कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशनं घासावा, झटकून पूर्ण वाळवावा, मग तेल. मृग लागल्यापासून पोळ्यापर्यंत हे पंधरा दिवसांनी करावं. चामड्याच्या म्यानात चाकू महिनोन् महिने ठेवू नये. चामडं ओल धरतं आणि पात्यावर ठिपक्यांचा गंज येतो. गंज आलाच तर राखेनं किंवा तेलात भिजवलेल्या बारीक पॉलिश कागदानं, पात्याच्या लांबीच्या दिशेनं घासावा. खंडेनवमीला घरातली हत्यारं धुऊन-पुसून मांडतात, तो दिवस मी सगळ्या चाकूंचे खिळे आणि बिजागऱ्या तपासायला ठेवला आहे.

१२. चाकूनं करू नये अशी कामं थोडक्यात. स्क्रू फिरवू नये. रंगाच्या डब्याचं झाकण टोकानं उचकटू नये, टोक तुटतं. स्टीलच्या ताटावर, काचेवर, फरशीवर काही कापू नये. एकाच कापात धार जाते. खाली लाकडाची फळी किंवा निदान जाड पुठ्ठा असावा. मोटारपंपाच्या वायरीची साल काढायला चाकू वापरू नये. मुठीतले खिळे आरपार लोखंडी असतात, आणि गावात लाइन कधी येईल याचा भरवसा नाही. उघडा चाकू हातोहात देऊ नये. आपल्याकडे खाली ठेवून द्यायची रीत आहे. त्यामागे भांडण होतं अशी समजूत आहे, पण रीत मुळात शहाणपणाची आहे. मी मिटवून खाली ठेवतो.

१३. चाकू कुठे न्यायचा नाही हे कळणं, तो कुठला घ्यावा हे कळण्याइतकंच गरजेचं. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालच्या २०१६ च्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू परवान्याच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. आपला आठ सेंटीमीटरचा चाकू त्या यादीच्या जवळपासही नाही. पण इथे थांबू नये. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ च्या कलम ३७ खाली शहरात किंवा जिल्ह्यात काही दिवसांसाठी आदेश निघतो आणि त्या काळात काठी, सुरी, चाकू काहीही जवळ बाळगायला बंदी असते. सणासुदीला, निवडणुकीत, तणावाच्या दिवसांत अमरावती-अकोल्याच्या वर्तमानपत्रांत हे आदेश छापून येतात. वाचावेत, आणि तेवढे दिवस चाकू शेतातल्या खोलीत ठेवावा.

आमच्या जिल्ह्यांत याहून कमी माहीत असलेला एक नियम आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात लेखी पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरता येत नाही. आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूचं नाव स्पष्ट आहे, लांबीची कुठलीही अट न घालता. म्हणजे मेळघाटात सफारीला निघालात, नरनाळ्याचा किल्ला पाहायला गेलात किंवा काटेपूर्णा अभयारण्यात पक्षी पाहायला उतरलात, तर फळ कापायचा चाकूही घरीच ठेवून निघावं. जंगल नुसतं पाहायला आलेल्या माणसाला सुरीची गरज काय, या वनरक्षकाच्या प्रश्नाला माझ्याकडेही उत्तर नाही. फळं घरून चिरून डब्यात न्यावी.

विमानात हातातल्या सामानात चाकू चालत नाही. २०२५ पासून अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईला विमान जाऊ लागलं, तेव्हापासून शेतातून तसेच निघालेले लोक तपासणीत खिशातला चाकू गमावतात. तो मोठ्या बॅगेत घालून सामानात द्यावा. न्यायालय, परीक्षा केंद्र आणि गर्दीच्या देवस्थानातही नेऊ नये.

१४. मुलांना चाकू हातात घेण्यापासून रोखत बसण्यापेक्षा, समोर बसवून पहिलं काम द्यावं. मी भाच्यांना आधी साबणाच्या वडीवर कोरायला दिलं, मग कडुनिंबाच्या ओल्या काडीची साल काढायला. बसून कापायचं, पातं स्वतःपासून दूर जाईल असं चालवायचं, आणि हात पोचेल इतक्या अंतरात दुसरं कुणी नसावं. काम झालं की मिटवायचा, मगच उठायचं. याच क्रमानं शिकलेल्या माझ्या भाचीचे वरुडला बांधलेले डोळे आज माझ्याहून जास्त जगतात.

१५. वर्षानुवर्षं पाजवून पातं अरुंद होतं. मिटवल्यावर टोक मुठीबाहेर डोकावू लागलं, किंवा बिजागरी कितीही आवळली तरी पातं हलायला लागलं, की चाकू बाद करावा. चांगलं पोलाद असेल तर लोहार त्याच पात्याचं लहान खुरपं किंवा कलमाचं पातं करून देतो. विचारून पाहावं. तेही होण्यासारखं नसेल तर पातं घंटागाडीत टाकू नये. ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या हातात पिशवी असते आणि आत काय आहे हे तिला दिसत नाही. पातं जाड पुठ्ठ्यात घालून चिकटपट्टीनं गुंडाळावं, वर पेनानं ‘पातं’ लिहावं, आणि भंगारवाल्याच्या हाती सांगून द्यावं.